दुनळीवाले मल्लप्पाकाका

भाच्यासाठी मुलगी बघून मल्लप्पाकाका परत आले, तेव्हा बहिणीने विचारलं, "कशी हाय?"

"लई देखणी! अक्रोडाचा दस्ता, घोड्यांवर वेलबुट्टी, गंजाचा ठिपका न्हाय!"

मुलीचं नावही त्यांना सांगता येईना. त्या घरात भिंतीवर जुनी दुनळी बंदूक होती, एवढंच.

ही सत्तरनंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. सोलापुरात आमच्या घराला लागून काकांचं पेंड-सरकीचं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या तीन दुनळ्या राहायच्या. तिन्ही परवान्याच्या आणि तिन्ही ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या काळातल्या. अक्कलकोटापासून विजापुरापर्यंत कुणाच्या माळ्यावर अशी बंदूक निघाली की पारखायला काकांना बोलावणं येई. नळीच्या पोलादावरची नागमोडी नक्षी चाचपत ते म्हणत, "नोड्री, नोड्री! बघा तरी! केस विंचरल्यावानी हाय की!" एकाने विलायती कारागिराचं नाव कोरलेली बंदूक ऐटीत पुढे केली. काकांनी भिंग लावलं. "नावात एक अक्षर कमी हाय. सायेब सोताचं नाव चुकंल व्हय?"

ताईचं लग्न ठरलं आणि माझ्या वडिलांच्या मनात आलं, मुलगी निघताना आजोबांच्या दुनळीचा बार काढायचा. वडील निवृत्त मास्तर. मनात आलं की झालंच. बंदुकीची दारू आणली, बार पेटवायच्या टोप्या आणल्या. नुसतं कौतुक ऐकायला म्हणून काकांना बोलावलं.

काकांनी आजवर लांबूनच बघितलेली ती बंदूक भिंतीवरून उतरवली आणि वेताची काडी उजव्या नळीत सोडली. काडी तळाला टेकली. डाव्या नळीत मात्र ती चार बोटं अलीकडेच थांबली. त्यांनी पुन्हा घालून पाहिली.

"मास्तर, समदी भाईर जावा."

"काय झालं?"

"डावी भरलेली हाय."

"शक्य नाही. पंचवीस वर्षं भिंतीवर आहे ती!"

"तवापासनंच भरलेली हाय."

रझाकारांच्या धामधुमीत आजोबांनी ती भरून ठेवली असणार. मग ते गेले आणि सांगायचं राहून गेलं. आम्ही भावंडं लहानपणी त्याच घोड्यांशी खेळलो होतो. आणि आता वडील त्यावरच नवा बार ठासणार होते.

काकांनी अंगणात नळीत पाणी ओतलं, ती भिजू दिली आणि फिरकीच्या सळईने एकेक गोष्ट बाहेर ओढली. आधी चिंधी, मग छर्रे, मग काळा चिखल. वडील चिंधीकडे बघतच राहिले. आजीच्या इरकली लुगड्याची होती.

काम झाल्यावर काका पायरीवर बसले. आईने दिलेला चहा त्यांनी बशीत ओतला.

"माजा थोरला भाऊ असाच गेला," ते म्हणाले. "भरलेलीवर बार भरला. मीच भरून दिला हुता. नळी फुटली."



लग्नात वडिलांनी काकांना मांडवात स्वतःशेजारी बसवून घेतलं. "मास्तर, मी हितं कशाला?" म्हणत काका उठू लागले.

वडिलांनी त्यांचा हात धरला. "मास्तर नाही. तुमच्या कानडीत थोरल्या भावाला म्हणतात, ते म्हणा."

काकांनी उपरण्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"व्हय, अण्णा," ते म्हणाले आणि बसले.