तक्त्यातली तिसरी लस

"बाबा, लस घेतल्यावर चौदा दिवसांनी बाळ मांडीवर. त्याआधी नाही," लेकीने फोनवर बजावलं.

नात तीन आठवड्यांची झाली होती. जावयाची बदली झाल्यामुळे सोळा दिवसांनी ती सगळी दूर निघणार होती.

दुसऱ्या कोणी त्याच दिवशी दंड पुढे केला असता. पण आजोबांचं रंगाचं दुकान. गिऱ्हाइकापुढे तीन डबे शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय त्यांनी चाळीस वर्षांत एक डबा विकला नव्हता. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. कोणत्या लसीचे किती हात, दोन हातांच्या मध्ये किती दिवस वाळू द्यायचं, अंगावर ताप उठतो का. तक्ता दुकानाच्या दारात टांगला.

"ही तिसरी सगळ्यात खाली का हो, काका?" प्लंबरने विचारलं.

"म्हणे एका हातात भागतं. एका हातात भागणारा रंग मी अजून पाहिला नाही बाबा."

तिसऱ्या दिवशी तक्ता वाचायला दहा माणसं जमली. अंतर राखून उभं राहायचे दिवस, त्यामुळे दहांची रांग पार बेकरीपर्यंत गेली. रांग दिसली म्हणून आणखी वीस जण लागले. लसीकरणाची गाडी ठाण मांडायला जागा शोधत फिरत होती, ती रांग बघून थांबलीच.

"वा, सावली आहे, पंखा आहे!" नर्सबाईंनी काउंटरवरचे ब्रश बाजूला सारून पेटी ठेवली आणि कुपी उघडली.

प्लंबरने मान लांब करून कुपीवरचं नाव वाचलं. मग तक्ता वाचला. "अरे, ही तर तिसरी!"

रांग मागच्या मागे विरघळायला लागली.

"हा तक्ता कोणाचा?" नर्सबाई कडाडल्या. "कुपी उघडलीय मी! काही तासांत संपली नाही तर फेकायची. गेल्या महिन्यात माझ्या वॉर्डात लोक खाटेसाठी ताटकळत होते. आणि तुम्ही काका, तुम्ही कुठली घेतलीत?"

"माझा... अभ्यास चाललाय अजून."

"कधीपासून?"

"दोन दिवस झाले," आजोबा म्हणाले, आणि बोटांवर दिवस मोजू लागले. सोळातले दोन गेले. राहिले चौदा. आज टोचली तरच नात, नाहीतर फोनमधला फोटो.

त्यांनी बाही वर केली. "टोचा बाई. भागेल ना एका हातात?"

"भागेल हो. हात सैल सोडा."

"दुखलं का, काका?" बेकरीपाशी पोचलेला प्लंबर ओरडला.

"कळलंसुद्धा नाही! ये मागे, शहाण्या!"

रांग परत आली. कुपी संपली, दुसरीही संपली.

चौदाव्या दिवशी लेकीच्या घरी सामान बांधून तयार होतं. आजोबा हात कोपरापर्यंत धुऊन खुर्चीत बसले, आणि लेकीने बाळ मांडीवर ठेवलं. कापसाच्या पेळूएवढं वजन. 

विहीणबाई बाळ घ्यायला शेजारी येऊन बसल्या. "नाक अगदी आमच्याकडचं, नाही?"

हनुवटी मात्र आजोबांच्या बायकोची होती. ती हे बघायला राहिली नव्हती.

"तुमचंच," आजोबा म्हणाले.

"आणि डोळे?"

"तेही तुमचेच."

विहीणबाई इतक्या खूश झाल्या, की बाळ परत मागायचं विसरूनच गेल्या.