टेकडीवरचं कारंजं

शहराच्या मागण्यांची यादी करण्याचं काम सव्वीस वर्षं हेडक्लार्कांकडे होतं. वर्षातून एकदा आमदारांची समिती शहराला काय हवंय ते ऐकायला यायची आणि दरवर्षी तेच घडायचं. पहिली मागणी अध्यक्ष लाल रेघ मारून कापायचे, म्हणजे सरकारचा पैसा जपल्यासारखं दिसे. शेवटची मंजूर करायचे, म्हणजे टाळ्या पडत. मधल्या चार 'बघू' म्हणून गुंडाळल्या जात. हे ओळखून हेडक्लार्क पहिल्या पानावर कापण्याजोगी मागणी घालत आणि खरी गरज शेवटच्या पानावर.

यंदा शेवटच्या पानावर टेकडीवरच्या वस्तीची पाण्याची पाइपलाइन होती. हेडक्लार्क स्वतः त्याच वस्तीत राहत. आपल्याच वस्तीचं पान शेवटी लावायला आठ वर्षं त्यांना संकोच वाटला होता, त्यामुळे ती मागणी आठ वर्षं 'बघू'मध्ये पडून होती. तोवर पायथ्याच्या नळावरून पाणी वाहून वाहून त्यांच्या बायकोच्या गुडघ्यांनी हात टेकले होते.

"यंदा तरी जमवा," ते कामावर निघाले तेव्हा ती म्हणाली. "नाहीतर मी खाली ताईकडे राहायला जाते. तुम्ही या अधूनमधून, पाहुणे म्हणून."

पहिल्या पानासाठी हेडक्लार्कांनी डोकं लढवून एक कारंजं शोधून काढलं होतं. रंगीत दिव्यांचं, गाण्याच्या तालावर नाचणारं, आणि तेही टेकडीवरच्या चौकात. जिथे प्यायला पाणी नाही तिथे कारंजं मागितलं तर कोणीही कापेल, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

घात केला तो नव्या प्रिंटरने. जुन्या प्रिंटरमधून शेवटचं पान सगळ्यांत वर यायचं, मग हेडक्लार्क गठ्ठा घेऊन पानं उलट क्रमाने लावायचे. नव्यातून ती आपोआप क्रमाने आली. पण सव्वीस वर्षांची सवय ती, हातांनी डोक्याला न विचारताच सहाही पानं उलट लावून टाचून टाकली. पानांवर आकडे घालायची सोय नव्हती, कारण कोणती मागणी ठेवायची याबद्दल, समितीपुढे यादी वाचणाऱ्या महापौरबाईंचं मत सभागृहाच्या दारापर्यंत बदलत असे.

"टेकडीवरच्या वस्तीसाठी पाण्याची पाइपलाइन," महापौरबाईंनी पहिलं पान वाचलं आणि मागच्या रांगेत बसलेल्या हेडक्लार्कांच्या लक्षात घोटाळा आला. त्यांनी घाईघाईने 'पानं उलट क्रमाने लागली आहेत, थांबावे' अशी चिठ्ठी लिहून शिपायाच्या हाती पुढे पाठवली. पण बाईंकडे दर पाच मिनिटांनी कोणाची ना कोणाची चिठ्ठी यायची. त्यांनी ती न वाचताच ग्लासाखाली सरकवली.

"पाइपलाइन सध्या नको. जरा काटकसर करायला हवी," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी लाल रेघ ओढली.

मधल्या चार मागण्या नेहमीप्रमाणे 'बघू'त गेल्या. शेवटचं पान वाचताना बाई दोनदा अडखळल्या, पण अध्यक्षांचं लक्ष घड्याळाकडे होतं. "मंजूर," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला, पत्रकारांनी लिहून घेतलं. बाईंनी वळून हेडक्लार्कांकडे असं पाहिलं की त्यांना आपली बदली डोळ्यांपुढे दिसली. त्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसली ती बायकोची बांधलेली बॅग, आणि तिच्याच धास्तीने ते सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सभेत उठून उभे राहिले.

"साहेब, एक अडचण आहे."

"आपण कोण?"

"हेडक्लार्क. यादी मीच केली आणि पानंही मीच उलटी लावली. कारंजं मंजूर झालंय, पण तिथे पाणीच चढत नाही."

पत्रकारांनी मिटलेल्या वह्या परत उघडल्या.

"मग कारंजं मागितलंत कशाला?"

"आपण कापाल म्हणून."

अध्यक्षांनी आधी यादीकडे पाहिलं, मग पत्रकारांकडे. कारंजं मागे घ्यावं तर फोटो निघून गेलेला, पाइपलाइन द्यावी तर लाल रेघ अजून वाळायची होती.

"समिती दिलेलं परत घेत नाही," शेवटी ते म्हणाले. "कारंजं होणार. आणि कारंज्याला पाणी लागतं, एवढं आम्हालाही कळतं. पाइप कारंज्याच्या कामातच धरा."

"वाटेत वस्ती लागते, साहेब," हेडक्लार्क चाचरत म्हणाले. "लोक नळ जोडून मागतील."

"मग द्या जोडून. माझ्यापर्यंत आणू नका."

हेडक्लार्क खाली बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. सभा उठल्यावर महापौरबाईंनी चिठ्ठी उघडून वाचली, तिचे चार तुकडे केले आणि म्हणाल्या, "ही मला मिळालीच नव्हती. तुम्ही घरी जा आता."

घरी त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बायको गुडघ्याला तेल चोळत ऐकत होती. ऐकता ऐकता ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग खरंच थोडी रडलीही. हेडक्लार्कांनी तेलाची वाटी तिच्या हातातून घेतली. फार दिवसांनी त्यांना हलकं हलकं वाटत होतं.

"एवढी वर्षं नीट काम केलंत तर काही मिळालं नाही," डोळे पुसत ती म्हणाली. "पुढच्या वर्षी वस्तीला दवाखाना हवाय. काय चूक करायची ते आत्तापासून ठरवून ठेवा."