धुराची बाजू

"आपल्या पतसंस्थेच्या कर्जातून धूर किती निघतो?"

हा प्रश्न वार्षिक सभेत विचारून दाखव, अशी पैज माझी मैत्रीण हर्षला हिनं लावली होती. मी विचारला. माईकवरून! अख्खी सभा माझ्याकडं वळली आणि मला वाटलं, आता खालापूर तालुका माझ्याच हातात आहे.

अध्यक्ष भिवाजीकाका खूश झाले. मोठ्या बँका म्हणे त्यांच्या कर्जावर चालणाऱ्या धंद्यांचा धूर कमी करायचं उद्दिष्ट ठेवतात, मग आपण का नाही? "पन वळखायचं कसं गं, कुठलं कर्ज धुराचं?"

"सोपं आहे काका. ज्याच्या कर्जातून धूर निघतो, तो डावीकडं बसेल. बाकीचे उजवीकडं."

पतसंस्थेचे सचिव म्हणजे माझे बाबा. त्यांनी डोळे वटारले. पण उशीर झाला होता.

उजवीकडच्यांना व्याजात सूट मिळणार, अशी कुजबुज मागच्या रांगेतून निघाली आणि चहा येईपर्यंत खरी होऊन बसली. मग काय, खुर्च्या उचलून माणसं धावली. वीटभट्टीवाले लडकूमामा म्हणाले, "माजं कर्ज मातीचं. माती कुटं धूर सोडते?" कळंबच्या रिसॉर्टवाल्या राजेशशेठनी कर्ज काढून जनरेटर घेतलाय. ते म्हणाले, "मी झाडं लावलीत." आणि बरोबर पंख्याखाली बसले.

डावीकडं एकटी माझी आई. संस्थेच्या कर्जावर घेतलेल्या डिझेल टेंपोतून ती कुंभिवलीच्या कारखान्यांना डबे पोचवते. तो टेंपो चढाला लागला की मागच्या मोटारसायकलवाल्याचा पांढरा शर्ट करडा होतो.

"वनिता, ये की हिकडं," लडकूमामांनी जागा करून दिली.

"नको मामा. धूर हाय तर हाय."

भिवाजीकाकांनी चष्मा पुसला. "एकच बाई धुराची! मंग डाव्या बाजूला नवं कर्ज बंद. झालं आपलं उद्दिष्ट."

टाळ्या पडल्या. मला मात्र तेव्हा आठवलं. आईचा नवा अर्ज त्याच सभेत मंजूर व्हायचा होता. बॅटरीवरच्या टेंपोसाठी.

मी परत माईक धरला. "काका, हिला कर्ज दिलं नाही तर जुना टेंपो सुटणार कसा? आणि खुर्च्या उजवीकडं गेल्या, धूर कुठं गेला?"

"आता गं पोरी? बसवलंस तूच ना?"

सभा खो-खो हसली. विषय पुढच्या सभेवर गेला, आणि त्याच्यासोबत आईचा अर्जही.

घरी बाबा माझ्यावर ओरडायला लागले. आई डबे घासत म्हणाली, "तिला वरडू नका. इचारलं ते बरोबरच हाय. माणसं बसवली ते चुकलं."

तेच मला सभेपासून टोचत होतं. माणूस आज धुराचा असला, तरी त्याचं नवं कर्ज धूर घालवायचं असू शकतं. ही दोन्ही एका खुर्चीवर कशी बसतील?

मी दोघांसमोर उभी राहिले. "मी ठरवलंय. पुढच्या सभेआधी प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारणार, आज धूर किती आणि नव्या कर्जानं कमी होणार की वाढणार. राजेशशेठपासून सुरुवात. आणि आईचा नवा टेंपो येईपर्यंत रोज पहाटे तिच्यासोबत डबे चढवायला मी. फक्त मला कुणीतरी उठवा."