दोन्ही बाजूंचे गायधनी सर

गायधनी सर आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते, पण सामना सुरू झाला की ते समोरच्या संघालाही शिकवायचे. "अरे सात नंबर, डावीकडे बघ ना राजा, सगळी जागा मोकळी आहे!" असं मैदानाबाहेरून ओरडायचे. सात नंबर डावीकडे बघायचा आणि आमच्यावर गोल व्हायचा.

मी तिथे मराठी शिकवायचो आणि संघाचा मॅनेजर म्हणून ग्लुकोजचे डबे सांभाळायचो. गायधनी सरांच्या आधी या संघाला तीन प्रशिक्षक झाले. पहिल्यांची बदली झाली, दुसऱ्यांना कावीळ झाली आणि तिसरे एका सकाळी गुपचूप क्रिकेटकडे गेले. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. प्राचार्यांनी भूगोलाच्या गायधनी सरांना पकडलं, कारण स्टाफरूममध्ये त्या वेळी तेच एकटे बसले होते. ते नेहमी एकटेच असायचे. लग्न केलेलं नाही, दोन खोल्यांत एक स्टोव्ह आणि भिंतभर नकाशे. फुटबॉल ते पुस्तकातून शिकले, पण शिकले अगदी झपाटल्यासारखे.

मुलं वैतागायची. "सर, तुम्ही नक्की कुणाचे?"

"चूक काय आपली-त्यांची असते? दिसली की सांगायची!"

अशी बरीच वर्षं हरण्यात गेल्यावर प्राचार्यांनी सुनावलं, "यंदा एक तरी सामना जिंका, नाहीतर संघ बंद. आणि गायधनी, समोरच्या पोरांशी अवाक्षर बोलायचं नाही." संघ बंद झाला तर हा माणूस संध्याकाळी जाणार कुठे, असं माझ्या मनात आलं. त्यांच्याही आलं असावं, कारण त्यांनी मुकाट मान हलवली.

सामना इगतपुरीच्या कॉलेजशी होता. सुरुवातीलाच सरांनी माझा दंड धरला. "तो गोलकीपर बघा. उडी मारून खाली येताना गुडघे ताठ ठेवतोय. पाय मोडून घेईल हो!"

"सर, आज नाही हं!" आमचा कॅप्टन मैदानातून ओरडला.

सरांनी खिशातला रुमाल काढून तोंडात कोंबला. पोरं हसली, मीही हसलो.

सामना बरोबरीत संपत आला असताना आम्हाला कॉर्नर मिळाला. गोलकीपरनं उंच उडी मारून चेंडू झेलला आणि ताठ गुडघ्यांनीच तो खाली आला. हाड मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. त्याच्या हातून चेंडू निसटला आणि शिट्टी वाजायच्या आत आमच्या पोरानं तो जाळ्यात मारला. आम्ही जिंकलो, संघ वाचला. मुलं सरांना खांद्यावर घ्यायला धावली, पण सर त्या जखमी गोलकीपरबरोबर रिक्षात बसून निघूनही गेले होते. मला त्या विजयाची शिसारी आली.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. पोराचे चिखलाचे बूट मांडीवर घेऊन सर बाकावर बसले होते. तो चालेल, पण खेळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढ्यात इगतपुरीहून त्याचे वडील आले. रेल्वेत गँगमन होते, कामाच्याच कपड्यांत आलेले. त्यांना वाटलं, हेच आपल्या पोराचे सर. ते पायाच पडले.

"सर, तुमी व्हते म्हनून बरं झालं. लय ध्यान हाय तुमचं पोरावर."

"होतं," सर म्हणाले. "पहिल्यापासून माझं लक्ष होतं त्याच्यावर." आणि त्या परक्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकून ते हमसून रडायला लागले.

तो बिचारा पोराला भेटायचं सोडून सरांचीच पाठ थोपटत राहिला. "रडू नका सर. तुमी तरी काय करनार व्हते?"