ढवळेकाकांची पायवाट

ढवळेकाका पायवाटेवरच्या प्रत्येक माणसाला अडवतात. नाव काय, निघालात कुठून, चाललात कुठे, आणि कुत्रं असेल तर त्याची तब्येत. समोरचा नुसतं "बरं चाललंय" म्हणाला की काका छत्री आडवी धरतात. "नो मोघम, प्लीज." आमच्या गावातल्या केन म्हाताऱ्याला मराठीतला एकच शब्द येतो, तो हा. त्याला हवा कशी आहे विचारा. तो आधी "नो मोघम" म्हणतो आणि मग वाऱ्याची दिशा सांगतो.

गाव म्हणजे इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या सपाट शेतांत चाळीसेक घरं. नजर जाईल तिथवर गहू, बीट, बटाटे. पूर्वी इथे शाळा होती, लोहार होता, दोन दुकानं होती. आता चर्च आहे आणि आठवड्यातून दोनदा येणारी बस. माझं ऑफिस लेस्टरला, पण तिथे रोज जावं लागत नाही, म्हणून मी इथे राहायला आलो आणि शेजारी मराठी माणूस निघाला. फार आनंद झाला. तो आठवडाभरात ओसरला. काकांनी माझ्या घराचा इतिहास सांगायला घेतला होता आणि तिसऱ्या दिवशीही ते स्वयंपाकघरापर्यंत पोचले नव्हते. तिथे पूर्वी घोडे बांधत, हे चौथ्या दिवशी कळलं. तेव्हापासून चहा करताना मला उगाच वास येतो.

काका मूळचे अकोल्याकडच्या शेतकरी घरातले. नोकरी लेस्टरच्या हॉस्पिटलात, एक्स-रे काढायची. रिटायर झाल्यावर सुमनकाकूंना घेऊन इथे आले, त्याला बावीस वर्षं झाली. रोज दुपारी चारला शेतातल्या पायवाटेने चर्चपर्यंत जायचं, येताना मातीची चिमूट बोटांत चुरून बघायची, घरी येऊन डायरी लिहायची. गेल्या चार वर्षांपासून, म्हणजे काकू गेल्यापासून, ते घरात एकटेच असतात.

गेल्या वसंतात ते शेत विकलं गेलं. नव्या मालकाने फाटकाला कुलूप घातलं. शेतमजुरांच्या कित्येक पिढ्या दर रविवारी ज्या वाटेने चर्चला गेल्या, ती कौन्सिलच्या नकाशावर नव्हतीच. नियम असा, की लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता चालत आले असतील तर वाट सगळ्यांची. पण ते सिद्ध करावं लागतं. गावाने फॉर्म भरले आणि इथेच इंग्रज स्वभाव आडवा आला. किती वेळा चालता? "अधूनमधून." केव्हापासून? "बरीच वर्षं." जन्मापासून रोज त्या वाटेने चालणाऱ्या केनने लिहिलं, "कधीकधी." बढाई मारलेली दिसू नये म्हणून.

काका तो गठ्ठा वाचून संतापले. "अरे, हा माणूस बीटमध्ये रुतला होता. डावा बूट तिथेच राहिला. आणि लिहितो काय, तर कधीकधी!"

गावाच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. मालकाचा वकील म्हणाला, "बीट असताना त्या चिखलातून कोण चालणार?" काका उठले आणि भाजीच्या ट्रॉलीतून बावीस डायऱ्या काढून टेबलावर मांडल्या. कौन्सिलच्या बाईंनी वरची उघडली, पान उलटं-सुलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या गावाचा सगळा पुरावा मराठीत होता.

मी भाषांतर करू लागलो. "आज बीट काढायला घेतलं. केन रुतला. डावा बूट गेला. मार्गारेटचं कुत्रं खोकतंय."

"पहिला शब्द गाळलास," काका म्हणाले.

"काका, तो कौन्सिलला कशाला?"

"लिहिलंय ना? मग वाच. मोघम नको."

पहिला शब्द होता, सुमन. प्रत्येक पानावर तोच. इथे आल्या तेव्हापासूनच काकूंचे सांधे धरलेले, शेतातून चालणं जमत नसे; शेवटची दहा वर्षं तर त्या घराबाहेरही पडल्या नव्हत्या. काका रोज चहाच्या वेळी हे त्यांना वाचून दाखवत. आणि आम्ही सगळे त्यांना भोचक समजत होतो. मी तर सगळ्यात जास्त. मला लाज वाटली.

वकिलाने अलीकडचं एखादं वर्ष मागितलं. मी काकू गेल्या त्या वर्षाची डायरी उघडली. एक पान कोरं. पुढच्यावर, "आज गेलो नाही." मग अंत्यविधीनंतरच्या दिवसाचं पान. "सुमन, गहू गुडघ्याएवढा. केन भेटला, टोपी काढून उभा राहिला. बाकी ठीक."

हेही मी इंग्रजीत वाचून दाखवलं. पानं उलटत गेलो. त्या दिवसापासून प्रत्येक पानाच्या शेवटी तेच दोन शब्द. केन उठला आणि म्हणाला, "मी रोज चालतो. सत्तर वर्षं. फॉर्म बदलून द्या." मग मार्गारेट उठली. मग सगळेच.

निकाल यायला हिवाळा उजाडला. वाट राहिली. पाटी लागली त्या दिवशी अख्खं गाव चालायला आलं. काका फाटकाशी टाय लावून उभे होते, पण छत्री आडवी धरायची वेळच आली नाही. माणसं रांग लावून, न विचारता तपशील देत होती. केनने तर स्वतःच्या जन्मापासून सुरुवात केली.

संध्याकाळी काकांनी डायरी माझ्यापुढे सरकवली. "सुमन, वाट आपली झाली. माणसं एकोणसत्तर, कुत्री अकरा, त्यातलं एक लंगडं. केनने नवे बूट घातले होते." पुढे काही नव्हतं.

"काका, शेवटचं राहिलं," मी म्हणालो. "बाकी ठीक."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ते तिला काळजी वाटू नये म्हणून लिहायचो रे," ते म्हणाले. "आज खरंच ठीक होतं."