रिकामा रकाना

चौकशीबाईंनी परदेशी जायची तयारी अशी केली होती, की त्या परदेशी हॉस्पिटलनेही स्वतःची तेवढी तयारी केली नसेल!

ही मुलगी डॉक्टरीच्या चौथ्या वर्षाला. तिकडचा एक विद्यार्थी महिनाभर इकडे येणार, इकडचा एक तिकडे जाणार, असा अदलाबदलीचा मामला होता. अख्ख्या कॉलेजातून जागा एकच, आणि ती हिला मिळाली. घरात तिला चौकशीबाई म्हणत, कारण बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडातून प्रश्नाशिवाय फारसं काही बाहेर पडलंच नव्हतं. निवडीचं पत्र आल्यापासून तर प्रश्नांना ऊत आला. तिकडच्या वॉर्डाच्या खिडक्या उघडतात का? दुखलं की तिकडचे पेशंट 'आई गं'च्या जागी काय म्हणतात? नर्सला हाक मारायची की घंटी वाजवायची? आपल्या खोलीपासून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता तिने कॉम्प्युटरच्या नकाशावर इतक्या वेळा पालथा घातला होता, की कोणत्या वळणावर पोस्टाची पेटी आहे तेही तिला पाठ झालं होतं.

"मला झोपेत तिथे नेऊन सोडलंत ना," ती म्हणाली, "तरी मी बरोबर वॉर्डात पोहोचेन!"

"झोपेतच पोहोचशील," आई म्हणाली. "सकाळी सातची ड्युटी आहे."

आता एकच काम उरलं होतं. स्वतःच्या तब्येतीचा फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कॉम्प्युटरवरून पाठवायचा. नाही पोहोचला, तर जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला. चौकशीबाईंनी तो केव्हाच भरून टेबलाच्या खणात ठेवला होता. चार पानं, शहात्तर रकाने. पत्रात लिहिलं होतं, की हाच फॉर्म तिकडे प्रत्येक पेशंटचा भरतात, आणि हिला म्हाताऱ्यांच्या वॉर्डात रोज तेच काम करायचं आहे. मग सराव नको का करायला? कोरा फॉर्म छापून घेऊन तिने घरातलाच पेशंट गाठला.

आजोबांना घरात सगळेच आजोबा म्हणत, अगदी त्यांचा मुलगा, म्हणजे तिचे बाबासुद्धा. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. आता भिंतीवरच्या एकुलत्या एका घड्याळाला दर रविवारी स्टुलावर चढून चावी देणं, एवढाच कारभार उरला होता.

"कवळी?" चौकशीबाईंनी पेन सरसावलं.

"वरची. खालचे चार माझे आहेत."

"मोतीबिंदू?"

"दोन्ही डोळे झाले. एका डोळ्याला तू निळी दिसतेस."

"निळी? कोणत्या? कधीपासून? उन्हात जास्त की सावलीत?"

इतकी वर्षं ह्या गृहस्थांना कोणी 'जेवलात का'च्या पलीकडे काही विचारलं नव्हतं. ते असे काही खुलले, की प्रोस्टेटच्या 'फक्त पुरुषांसाठी' असलेल्या रकान्याला जागा अपुरी पडली! आणि मग आला रकाना एकोणसाठावा: गेल्या तीन महिन्यांत पडलात का?

 आजोबांनी उठून दार लोटलं.

"तीनदा," ते हळूच म्हणाले. "उठलो की गरगरतं. एकदा स्टुलावरून पडलो. कंबरेला लागलं होतं ना, तेच."

"तुम्ही तर टेबलाचा कोपरा लागला म्हणालात!"

"मग काय सांगणार? तुझा बाप स्टूल अडगळीत टाकेल, तुझी आई मला खुर्चीत बांधून घालेल. घड्याळाला चावी कोण देणार? हे बघ, तू विचारलंस म्हणून सांगितलं. तुझ्यामाझ्यात राहू दे. शब्द दे."

हे घरी सांगायलाच हवं, असं चौकशीबाईंना वाटलं. पण पेशंटने विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडायचं नाही, हे पहिल्या वर्षापासून घोटून घेतलेलं. तिने शब्द दिला. कागदावर 'घरच्यांपासून लपवले आहे' असं लिहिलं. नावाचा आणि जन्मतारखेचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला आणि तो फॉर्म शरीररचनेच्या जाडजूड पुस्तकात खुपसला. ते पुस्तक घरात तिच्याखेरीज कोणी उघडायचं नाही. त्यातली चित्रं बघून आईला जेवण जात नसे.

आणि इथे बाबांचा प्रवेश होतो.

बाबा एका कार्यालयात हेडक्लार्क होते. शेवटच्या दिवशी कागद पाठवणं त्यांना अर्धपोटी जेवण्याइतकंच अपमानास्पद वाटे. गुरुवारी मुलगी वॉर्डात अडकलेली, उद्याची मुदत! त्यांनी फॉर्म शोधायला घेतला. खण उघडायचं काही सुचलं नाही, पण पुस्तकातून बाहेर डोकावणारं कागदाचं टोक मात्र लगेच दिसलं. तीस वर्षांची नजर ती!

मजकूर त्यांनी वाचला नाही. मजकूर वाचणं हे साहेबाचं काम, रकाने बघणं हे क्लार्कचं, अशी त्यांची शिकवणच होती. त्यांनी फक्त रकाने तपासले, आणि त्यांचा जीव वरखाली झाला. पहिलेच दोन रकाने रिकामे!

"डॉक्टर होणार म्हणे! स्वतःचं नाव लिहायला विसरली!" असं पुटपुटत त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात मुलीचं नाव आणि जन्मतारीख घातली, पानं स्कॅन केली आणि पाठवून दिली.

"काम फत्ते!" संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं. "फॉर्म गेला!"

"बाबा, किती हो चांगले तुम्ही!" चौकशीबाई म्हणाली. प्रश्नांची खाण असलेल्या त्या पोरीने त्या दिवशी कधी नव्हे तो एकही प्रश्न विचारला नाही.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. फार नम्र होतं. 'आपला फॉर्म मिळाला. बाविसाव्या वर्षी कवळी व दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू वाचून वाईट वाटले. आपल्या प्रोस्टेटबद्दल आमचे वरिष्ठ डॉक्टर विशेष उत्सुक आहेत.'

ती किंचाळली नाही.  तिने धावत जाऊन खण उघडला, खरा फॉर्म काढला आणि 'चुकून दुसरा गेला होता' असं कळवून तोही पाठवला. झालं, मिटलं!

कसलं मिटतंय? तासाभरात दुसरं पत्र हजर. ह्या खेपेला नम्रपणा बराच ओसरला होता. 'आता आमच्याकडे एकाच नावाचे, एकाच जन्मतारखेचे दोन फॉर्म आहेत. एकात काहीही आजार नाही, दुसऱ्यात आजार घरच्यांपासून लपवल्याचे लिहिले आहे. आपण आमच्यापासूनही लपवत आहात काय? की कोणा पेशंटची माहिती त्याला न विचारता आपल्या नावाने आम्हाला धाडलीत? दुपारी तीनला व्हिडिओवर खुलासा करावा. अन्यथा पाच वाजता जागा पुढील विद्यार्थ्यास दिली जाईल.'

तीनच्या ठोक्याला पडद्यावर करड्या केसांच्या एक डॉक्टरबाई दिसू लागल्या. चौकशीबाईंच्या मागे बाबा उभे होते, मान खाली घालून. आई त्यांच्याकडे अशी बघत होती, की त्यांनी मान वर करायची सोयच नव्हती.

"हा फॉर्म कोणाचा?" डॉक्टरबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"माझ्या सरावाच्या पेशंटचा. माझ्या वडिलांनी माझा समजून पाठवला."

"पेशंट कोण? त्यांच्याशी मला बोलता येईल का?"

 एक शब्द बोलायचा अवकाश, की चौकशीबाईंचा महिना वाचत होता. तो वॉर्ड, त्या खिडक्या, पोस्टाच्या पेटीचं ते वळण, सगळं वाचत होतं. पण मागे आईबाबा उभे होते, आणि आतल्या खोलीत आजोबा तिच्या शब्दावर विसंबून निवांत बसले होते. तिला रडू यायला लागलं.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मी त्यांना शब्द दिलाय."

"अगं, सांग ना!" बाबा मागून कळवळले. "एक नाव तर सांगायचंय! मी सांगू का? कोण आहे?"

"बाबा, तुम्ही आता काही म्हणजे काही भरू नका!"

  तेवढ्यात हा आरडाओरडा ऐकून आतून काठी आपटत आजोबा आले आणि त्यांनी आपला चेहरा कॅमेऱ्याला इतका चिकटवला, की तिकडे फक्त एक नाकपुडी दिसली असेल.

"ह्या बाईंना सांगा, पेशंट मी आहे! तीनदा पडलोय. स्टुलावरूनसुद्धा!"

"स्टुलावरून?" आईने डोक्याला हात लावला. "आणि टेबलाचा कोपरा?"

"कोपऱ्याचा काही दोष नाही, सूनबाई. पोरीला जाऊ दे. माझं स्टूल टाका हवं तर अडगळीत."

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. मग आजोबांना समोर बसवून त्यांनी गप्पाच सुरू केल्या, मध्ये चौकशीबाई दुभाषी. विचारता विचारता त्यांनी एक साधा प्रश्न केला: ब्लडप्रेशरची गोळी दिवसातून किती वेळा घेता?

"दोनदा," आजोबा म्हणाले. "एक सूनबाई चहाबरोबर देते ती. आणि एक माझी."

"तुमची कुठली?" आई ओरडली. "डॉक्टरांनी एकच सांगितलीय!"

"मग मी कपाटातून घेतो ती कोणती?"

सगळे चौकशीबाईंकडे बघायला लागले. शहात्तर रकान्यांचा फॉर्म भरला, निळा रंग उन्हात दिसतो की सावलीत तेही विचारलं, आणि गोळ्या किती घेता हेच विचारायचं राहिलं होतं! तिचा चेहरा उतरला.

"तो प्रश्न फॉर्मवर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो शिकायलाच तर इकडे यायचं असतं. आजच त्यांना तुमच्या डॉक्टरांकडे न्या. आणि तुझा फॉर्म पाचच्या आत पुन्हा एकदा पाठव, मी आधीचे दोन्ही रद्द करते. तुझ्या पेशंटने तुझ्यासाठी गुपित फोडलं, तू मात्र फोडलं नाहीस. आमच्या वॉर्डाला असंच माणूस हवंय."

घरात एकच जल्लोष झाला. आई आणि चौकशीबाई लगोलग आजोबांना डॉक्टरांकडे घेऊन निघाल्या. खणातला खरा फॉर्म तिने बाबांच्या हातात दिला आणि दारातून चार वेळा बजावलं, "नाव, तारीख, सगळं मी लिहिलंय. जसाच्या तसा पाठवा!"

"अगं, जसाच्या तसा!" बाबांनी शपथ घेतली.

डॉक्टरांनी आजोबांची जादाची गोळी बंद केली. आईने कपाटाची किल्ली स्वतःकडे घेतली, आणि चावी द्यायचं काम स्टुलाशिवाय व्हावं म्हणून घड्याळ भिंतीवरून हातभर खाली उतरवलं. संध्याकाळी सगळे चहा घेत असताना जागा पक्की झाल्याचं पत्र आलं. चौकशीबाईंनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. खोलीचा नंबर, ड्युटीची वेळ, आजोबांना नमस्कार. शेवटची ओळ वाचता वाचता मात्र ती थांबली आणि बाबांकडे बघू लागली.

"काय गं?" बाबा म्हणाले. "एक रकाना रिकामा होता बाई! बरं दिसतं का ते?"

ती ओळ अशी होती: 'फक्त पुरुषांसाठी असलेल्या प्रोस्टेटच्या रकान्यात आपण सुवाच्य अक्षरात "सध्या तरी नाही" असे लिहिले आहे. वाचून आम्हा सर्वांना हायसे वाटले.'