हरिबांची कॅसेट लोड होते

"भंगारवाला येईस्तोवर गेम चालला तर ऱ्हाऊ द्या. न्हाय चालला तर त्याच्या काट्यावर चढवा," गजराबाईंनी रविवारी सकाळी नवऱ्याला बजावलं आणि त्या भाकरी थापायला बसल्या.

हरिबांचा काँप्युटर दिसायला नुसता कीबोर्ड. सोलापुरात नोकरीला असताना हौसेनं घेतलेला. तो टीव्हीला जोडायचा, टेपवर गेमची कॅसेट लावायची, तिच्यातला किरकिराट वायरीतून आत जायचा आणि बऱ्याच वेळानं पडद्यावर विमान उभं राहायचं. मधेच आवाज कमी झाला की पुन्हा पहिल्यापासून. हरिबांचा त्या विमानावर भारी जीव. पण घरातल्या टेपचा पट्टा केव्हाच वितळला होता. नळदुर्गजवळच्या त्या गावात कॅसेट वाजवणारी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे मंडपवाल्या बंडप्पाचा अँप्लिफायर.

बंडप्पा अँप्लिफायर घेऊन आला, सोबत दोन भोंगेही.

"भोंगं कशाला रं? एकट्या काँप्युटरला ऐकवायचंय."

"भोंग्याबिगर चालू केली की मशीन जळती, काका. आमच्या आप्पानं शपथ घातलीया."

"आन् गावाला ऐकू गेलं म्हंजी?"

"तोंडं शेताकडं करतो की!"

भोंगे घराच्या माळवदावर चढले, कॅसेट अँप्लिफायरात बसली आणि त्याची एक वायर काँप्युटरला जोडली. पहिल्यांदा आवाज बारीक ठेवला, तर काँप्युटर ढिम्म. "वाढव," हरिबा म्हणाले. जन्मभर लोकांकडून 'कमी कर' एवढंच ऐकलेल्या बंडप्पाला हर्ष झाला. त्यानं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

कीऽऽऽ... खर्रर्रर्र... कीऽऽऽ!

कुत्रं बाजेखाली शिरलं. म्हशीनं दावं ताणलं. गिरणीवाल्याला वाटलं आपल्याच गिरणीचं काहीतरी मोडलं, म्हणून त्यानं गिरणी बंद केली, आणि दळणाला आलेल्या बाया डोक्यावर डबे घेऊन हरिबांच्या दारात गोळा झाल्या. गजराबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"अवो, बंद करा ते! म्हस बुजली!"

"आता न्हाय! निम्मा गेम आत गेलाय!"

"मग निम्माच भंगारात घाला!"

त्या बटणाकडं निघाल्या. हरिबा दोन्ही हात पसरून अँप्लिफायरसमोर उभे राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी बायकोची वाट अडवली होती. तेवढ्यात शेजारच्या शेतातला शिवराज चपला हातात घेऊन पळत आला.

"कुणी लावलंय हे?"

हरिबांनी पसरलेले हात खाली घेऊन जोडले. "म्या लावलंय. पण जराच वेळ, बाबा..."

"बंद करू नगा, काका! डुकरं पळाली!"

यंदा रानडुकरांनी मक्यात मुक्कामच ठोकला होता. 'हाड, हाड' ओरडणारा बॅटरीवरचा भोंगा त्यांच्या सवयीचा झाला होता. तेरखेड्याचे फटाके लावले तर ती जरा बाजूला सरकून परत चरायला लागत. आणि आज अख्खा कळप शेपट्या वर करून ओढ्यापार गेला होता.

गजराबाईंचा हात हवेतच थांबला. "आमच्याबी मक्यातली गेली?"

"समदी, काकू!"

"मग वाढव की रं बंडप्पा!"

शेवटी आवाज आपोआप थांबला. हरिबांनी वळून पाहिलं. पडद्यावर विमान उभं होतं आणि कुठलंही बटण दाबा म्हणून खाली अक्षरं लुकलुकत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, बघ! लोड झाला!"

त्यांनी शर्टाला पुसून बोट पुढं केलं. पण डुकरं परत यायच्या आत मशीन शेतात न्यायची घाई झालेल्या शिवराजनं बंडप्पाला इशारा केला होता. बंडप्पानं बोर्डाची पिन उपटली. टीव्ही आणि काँप्युटरही त्याच बोर्डावर होते. विमान गेलं.

भंगारवाला आला तेव्हा गजराबाईंनी त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. "जावा तुमी. त्या डबड्याच्या कॅसेटीनं मका वाचवलाय आमचा."

काँप्युटर घरात राहिला. कॅसेट आणि अँप्लिफायर मात्र सुगीपर्यंत मक्यात राहायला गेले. आता रोज तिन्हीसांजेला शेतातून किरकिराट सुरू होतो आणि हरिबा मांडीवर काँप्युटर घेऊन ओट्यावर बसतात. आवाज थांबला की गजराबाई चहा घेऊन येतात.

"झाला बघा लोड. दाबा आता."

हरिबा एक बटण दाबतात आणि चहा पितात.